ओरडणारा पट्टा: कारणे, परीक्षा आणि बदल

चरख्यावर सूत काततानाची क्रिया ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना पट्ट्याचे तत्त्व निराळे समजावून सांगावे लागत नाही. मोठे चाक हाताने फिरते, त्यावरून गेलेली माळ लहानशा चातीला फिरवते आणि चाकाच्या एका फेऱ्यात चातीचे अनेक फेरे होतात. चाक आणि चाती यांच्यामध्ये दाते नाहीत, साखळी नाही; आहे ते केवळ घर्षण. माळ सैल पडली की चाक फिरत राहते, परंतु चाती मागे पडते आणि सुताला पुरेसा पीळ बसत नाही. पिठाच्या गिरणीतील लांब, रुंद पट्टा हाही याच कुळातला. मोटारगाडीच्या इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा काळा रबरी पट्टा हा त्या कुळातील सर्वांत धाकटा, पण सर्वांत अधिक राबणारा वंशज म्हणता येईल.

हा पट्टा नीट असतो तोवर त्याची आठवण कोणालाही होत नाही. मग एखाद्या पावसाळी सकाळी गाडी सुरू करताच बॉनेटखालून तीक्ष्ण किंचाळी ऐकू येते. दहा-पंधरा सेकंदांत ती थांबते आणि मालक निश्चिंत होतो. वस्तुतः हीच वेळ लक्ष देण्याची असते. पट्ट्याचा आवाज हा स्वतः रोग नव्हे. ते रोगाचे लक्षण आहे. केवळ लक्षण दाबणे आणि कारण शोधून ते दूर करणे यांत जो भेद आहे, तोच या प्रकरणाचा मुख्य विषय आहे.

पट्टा काय काय ओढतो

इंधनाच्या ज्वलनातून निर्माण होणारी शक्ती क्रँकशाफ्टमार्फत चाकांकडे जाते. त्या शक्तीचा एक लहानसा हिस्सा इंजिनाच्या स्वतःच्या संसारासाठी लागतो. विजेरी भरण्यासाठी आणि दिवे चालू ठेवण्यासाठी वीज हवी, सिलिंडरांभोवतीचे पाणी खेळते राहिले पाहिजे, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर फिरला पाहिजे. ही कामे करणारी यंत्रे इंजिनाच्या बाहेर बसवलेली असतात आणि क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावरील कप्पीवरून निघालेला पट्टा त्यांना फिरवतो. म्हणून त्यास साहाय्यक पट्टा म्हणतात.

जुन्या ॲम्बॅसडर गाडीत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीत या पट्ट्यावर रेडिएटरचा पंखाही फिरत असे. त्यामुळे कारागिरांच्या बोलीत ‘फॅन बेल्ट’ हा शब्द रूढ झाला. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पंखा विजेवर चालू लागला आणि पट्ट्याकडे पाण्याचा पंप व अल्टरनेटर एवढीच मुख्य जबाबदारी उरली; तरी बाजारात नाव मात्र फॅन बेल्टच राहिले.

प्रत्येक यंत्रासाठी वेगळा पट्टा असण्याऐवजी एकच लांब, चपटा, आतून बारीक कडा असलेला पट्टा सर्व कप्प्यांवरून नागमोडी फिरवण्याची पद्धत १९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीपासून मोठ्या प्रमाणावर रूढ होऊ लागली. आज बहुसंख्य गाड्यांत हीच रचना दिसते. तिचा लाभ असा की जागा थोडी लागते आणि पट्ट्याची पाठही कामास येते. तोटा असा की हा एक पट्टा तुटला तर त्यावरची सगळी यंत्रे एकाच क्षणी थांबतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंजिनात आणखी एक पट्टा असू शकतो: झडपांची उघडझाप क्रँकशाफ्टच्या गतीशी जुळवणारा, दातेरी, आवरणाखाली झाकलेला टायमिंग बेल्ट. त्याचे काम वेगळे, बदलण्याची पद्धत वेगळी आणि त्यातील चुकीची किंमतही फार मोठी. या प्रकरणात त्याचा विचार केलेला नाही.

पकड कोठून येते

गुळगुळीत कप्पीवरून चपटा पट्टा अर्धा वेढा घालून गेला आहे, असे समजू. पट्ट्याची एक बाजू घट्ट ओढलेली असते व दुसरी तुलनेने सैल असते. पट्टा न घसरता या दोन ताणांचे गुणोत्तर किती होऊ शकेल, याचे गणित अठराव्या शतकात गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर याने मांडले. ते गुणोत्तर दोन गोष्टींवर अवलंबून असते: पट्टा आणि कप्पी यांच्यामधील घर्षणगुणांक आणि पट्ट्याने कप्पीला घातलेल्या वेढ्याचा कोन. या दोहोंपैकी कोणतीही गोष्ट थोडी वाढली की पकड थोडी नव्हे, तर झपाट्याने वाढते. नावाडी खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे घालून भरलेली नाव एका हाताने थोपवून धरतो, तो याच नियमाच्या बळावर.

घर्षणगुणांक ०.३ धरला तर अर्ध्या वेढ्यात चपट्या पट्ट्याच्या घट्ट बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीचपट होऊ शकतो. त्यापलीकडे पट्टा घसरतो. आता पट्ट्याचा छेद पाचरीसारखा केला आणि कप्पीला तशीच तिरकस खाच पाडली, तर पट्टा खाचेत रुतून दोन्ही भिंतींवर दाब देतो. खाचेचा कोन ३८ अंश असेल तर घर्षण जणू तिपटीने वाढते आणि तेच गुणोत्तर अडीचपटीवरून अठरापटीपर्यंत जाते. लाकूड फोडताना पाचर जे काम करते, तेच येथे रबर करते. अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स याने १९१७ साली रबर व कापड यांचा असा पाचरी पट्टा तयार केला आणि मोटारींतून चामड्याचे व दोरीचे पट्टे हळूहळू मागे पडले. नागमोडी पट्ट्याच्या आतील बाजूस असणाऱ्या बारीक कडा म्हणजे एका ओळीत बसवलेल्या छोट्या पाचरीच होत.

या गणिताचा व्यवहारातील अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. अल्टरनेटरची कप्पी लहान असते आणि पुष्कळदा पट्टा तिला पुरता अर्धा वेढा घालत नाही. वेढा १८० अंशांऐवजी १२० अंशांचा झाला तर अठरापटीचे गुणोत्तर सातपटीवर येते. पावसाच्या पाण्याने घर्षणगुणांक निम्मा झाला तर अर्ध्या वेढ्यातही ते केवळ सव्वाचारपट उरते. म्हणून पट्टा घसरू लागतो तो बहुधा प्रथम अल्टरनेटरवर आणि बहुधा ओल्या सकाळी.

सकाळीच का, याचे आणखी एक कारण आहे. इंजिन सुरू करताना स्टार्टरने विजेरीतून पुष्कळ वीज उपसलेली असते. इंजिन धरताच अल्टरनेटर ती तूट भरून काढू लागतो. समजा, १४ व्होल्ट दाबाने तो ४० अँपियर वीज देत आहे. ही शक्ती ५६० वॉट झाली. परंतु त्याची कार्यक्षमता सुमारे ५८ टक्के धरली तर पट्ट्याकडून त्याला जवळपास ९६५ वॉट घ्यावे लागतात. मंद गतीवर पट्ट्याचा वेग सेकंदाला सुमारे सव्वासहा मीटर असेल तर त्यासाठी पट्ट्याला सुमारे १५० न्यूटन, म्हणजे १५ किलोग्रॅम वजनाएवढी ओढ द्यावी लागते. तेवढीच शक्ती दुप्पट वेगाने देताना ओढ निम्मी पुरते. मंद गतीवर ओरडणारा पट्टा गाडी वेगात आली की का शांत होतो, त्याचे हे एक उत्तर आहे. तो बरा झालेला नसतो; त्याच्यावरचा भार तेवढ्यापुरता हलका झालेला असतो.

आवाज कसा उत्पन्न होतो

फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की तो किंचाळतो. सारंगीचा गज तारेवरून फिरला की सूर निघतो. दोहोंमागील यंत्रणा एकच आहे. स्थिर असलेल्या दोन पृष्ठभागांमधील घर्षण हे सरकत्या पृष्ठभागांमधील घर्षणापेक्षा अधिक असते. त्यामुळे पृष्ठभाग क्षणभर चिकटतो, ताणला जातो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे धरणे आणि सुटणे सेकंदाला शेकडो वेळा घडले की त्याचा नाद होतो. घसरणाऱ्या पट्ट्याचे रबर अगदी हेच करीत असते. फरक इतकाच की सारंगीत या क्रियेतून संगीत निर्माण होते, तर येथे उष्णता निर्माण होते. रबर तापते, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि गुळगुळीत पट्टा अधिकच घसरतो. या दुष्टचक्रामुळे आज दहा सेकंद ऐकू येणारी किंचाळी काही आठवड्यांनी मिनिटभर टिकू लागते.

परीक्षा

पाना हातात घेण्यापूर्वी कान आणि डोळे वापरावेत. आवाजाचे मुख्य प्रकार तीन आहेत.

पहिला प्रकार म्हणजे सलग, चढ्या सुरातील किंचाळी. दिवे लावले, वातानुकूलन सुरू केले किंवा पट्ट्यावर चालणारा पॉवर स्टिअरिंग पंप असलेल्या गाडीचे चाक टोकापर्यंत वळवले की ती वाढते. भार वाढताच घसरण वाढते, म्हणजे ताण अपुरा आहे किंवा पट्टा झिजला आहे.

दुसरा प्रकार म्हणजे चिमणीच्या चिवचिवाटासारखा तुटक, ठेक्यात येणारा आवाज. कप्प्या एका सरळ रेषेत नसल्या म्हणजे पट्ट्याच्या कडा खाचेत तिरप्या शिरतात, भिंतीवर घासतात आणि मग जागेवर बसतात. एक-दोन मिलिमीटरांचा फरकही त्यास पुरेसा होतो.

तिसरा प्रकार म्हणजे खरखर किंवा घरघर. हा पट्ट्याचा आवाज नव्हे. एखाद्या बेअरिंगचे वंगण संपल्याची ती खूण आहे.

पहिल्या दोन प्रकारांत संशय उरला तर कडांच्या पट्ट्यावर पाण्याची परीक्षा करता येते. इंजिन मंद गतीवर चालू असताना दूर उभे राहून पट्ट्याच्या आतील, कडांच्या बाजूवर थोडेसे पाणी फवारावे. आवाज वाढला तर दोष ताणाचा. क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर दोष कप्प्यांच्या रेषेचा. ही परीक्षा करताना पदर, ओढणी, मफलर, सैल बाही, लांब केस यांपैकी काहीही इंजिनाजवळ जाऊ देऊ नये. फिरत्या पट्ट्यात सापडलेले बोट मागे घेण्याइतका अवधी मिळत नाही. विजेवर चालणारा पंखाही कोणतीही पूर्वसूचना न देता सुरू होतो, हे लक्षात ठेवावे.

नंतर इंजिन बंद करून पट्टा पाहावा. जुन्या पद्धतीचे पट्टे निओप्रीन या कृत्रिम रबराचे असत. ते वयाबरोबर कडक होतात व त्यांना आडव्या चिरा पडतात. कडांच्या पट्ट्यावर सुमारे ८ सेंटिमीटर लांबीत एकाच कडेवर तीन किंवा अधिक चिरा दिसल्या तर पट्टा बदलावा. अलीकडचे पट्टे ईपीडीएम या अधिक टिकाऊ रबराचे असतात. त्यांना चिरा सहसा पडतच नाहीत. टायरप्रमाणे ते झिजतात आणि त्यांच्या खाचा खोल व रुंद होत जातात. म्हणून ‘चिरा नाहीत, तेव्हा पट्टा चांगला आहे’ हा जुना निकष आता लागू पडत नाही. पाचरी पट्ट्यात आणखी एक खूण पाहावी. चांगल्या पट्ट्याची पाठ कप्पीच्या काठाशी जवळपास समतल असते. पट्टा खाचेत खोल बसून तळाला टेकू लागला आणि खाचेचा तळ चकचकीत दिसू लागला, तर त्याची पाचर गेली असे समजावे. असा पट्टा कितीही ताणला तरी पकड देत नाही.

तयारी

गाडी सपाट जागी उभी करावी, हातब्रेक लावावा, चाकामागे दगड ठेवावा, गिअर मोकळा करावा आणि किल्ली काढून घ्यावी. इंजिन थंड होऊ द्यावे. नंतर विजेरीची ऋण बाजूची तार सोडवावी. ही पायरी पुष्कळांना अनावश्यक वाटते. परंतु अल्टरनेटरच्या मागील जाड तारेत इंजिन बंद असतानाही विजेरीचा दाब असतो. पाना एकाच वेळी तिला व इंजिनाच्या धातूला टेकला तर ठिणगी उडून पाना लाल होण्याइतका प्रवाह वाहू शकतो.

पट्ट्याचा मार्ग कागदावर काढून ठेवावा. बॉनेटच्या आत किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर त्याचे चित्र चिकटवलेले असते. ते निघून गेले असल्यास स्वतःचे चित्र हाच आधार. नागमोडी पट्टा एका कप्पीवर चुकीच्या बाजूने गेला तर पाण्याचा पंप उलटा फिरेल आणि इंजिन तापेल.

नवा पट्टा आधीच आणून जुन्याशी पडताळावा. पाठीवरील खुणेतून त्याचे माप कळते. ‘४ पीके ८५०’ याचा अर्थ चार कडा, पीके जातीचा छेद आणि ८५० मिलिमीटर लांबी. पाचरी पट्ट्यावर वरची रुंदी व लांबी मिलिमीटरांत लिहिलेली असते. जुना पट्टा वापराने किंचित वाढलेला असतो. म्हणून दोन पट्टे शेजारी धरून तुलना करण्यापेक्षा लिहिलेल्या मापावर विसंबणे बरे.

जुना पट्टा काढणे

जुन्या रचनेत अल्टरनेटर खाली एका बोल्टावर झुलता असतो आणि वर लांबट खाचेच्या पट्टीत दुसऱ्या बोल्टाने अडकवलेला असतो. दोन्ही बोल्ट सैल करावेत, काढू नयेत. अल्टरनेटर इंजिनाकडे ढकलला की पट्टा ढिला होऊन कप्पीवरून सहज निघतो. वातानुकूलनाचा पट्टा त्याच्या पुढे असेल तर तो आधी काढावा लागतो.

नव्या रचनेत स्प्रिंगच्या जोरावर पट्टा ताणून धरणारा टेन्शनर असतो. त्याच्या मधल्या बोल्टाला किंवा चौकोनी खाचेत लांब दांड्याचा पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध फिरवावा, दुसऱ्या हाताने पट्टा सर्वांत सोयीच्या कप्पीवरून सरकवावा आणि पाना सावकाश मागे येऊ द्यावा. टेन्शनर एकदम सोडला तर स्प्रिंगला इजा होते आणि मध्ये सापडलेल्या बोटालाही. काही गाड्यांत टेन्शनर नसतोच. पट्टा स्वतःच लवचिक असतो व तो बसवण्यास खास हत्यार लागते. अशी गाडी कार्यशाळेत न्यावी.

कप्प्यांची तपासणी

पट्टा निघाला की काम निम्मे झाले असे वाटते. खरे महत्त्वाचे काम येथेच सुरू होते, आणि घाईत हेच वगळले जाते. नवा पट्टा बसवल्यावर आठवड्याभरात तोच आवाज पुन्हा येतो, तो बहुतेक वेळा याच कारणाने.

प्रत्येक कप्पी हाताने फिरवून पाहावी. ती निर्वेधपणे फिरली पाहिजे; खरखर लागता कामा नये, अडखळता कामा नये. मग ती पुढे-मागे हलवून पाहावी. पाण्याच्या पंपाची कप्पी डुलत असेल तर त्याचे बेअरिंग गेले आहे आणि पंपाची गळतीही फार दूर नाही. पंपाखाली पाण्याचे वाळलेले पांढरट वा हिरवट ओघळ दिसतात का, इंजिनाच्या पुढील सीलमधून तेल झिरपते का, हे पाहावे. तेल व शीतक द्रव रबराला घातक आहेत. गळती बंद केल्यावाचून नवा पट्टा बसवणे म्हणजे गळक्या छपराखाली नवी चटई अंथरणे होय.

कप्प्यांच्या खाचा कोरड्या ब्रशाने साफ कराव्यात. तेलकटपणा असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्याव्यात. गंजाचे खवले खाचेत राहिले तर ते नव्या रबराला कानशीसारखे घासतात. शेवटी एक सरळ धातूची पट्टी कप्प्यांच्या तोंडावर आडवी धरून त्या एका रेषेत आहेत का ते पडताळावे. टेन्शनरचा हात तिरपा झालेला दिसला किंवा इंजिन चालू असताना तो थरथरताना दिसला असेल, तर पट्ट्याबरोबर तोही बदलणे शहाणपणाचे ठरते.

नवा पट्टा बसवणे आणि ताण देणे

पट्टा क्रँकशाफ्टच्या कप्पीपासून सुरुवात करून एकेका कप्पीवर चढवावा आणि शेवटची कप्पी सोयीची, शक्यतो गुळगुळीत ठेवावी. तो पेचकसाने किंवा पहारीने उचकटून चढवण्याचा मोह होतो. तसे कधीही करू नये. पट्ट्याचे बळ रबरात नसते. ते आत घातलेल्या बारीक, मजबूत दोऱ्यांत असते. उचकटताना एखादा दोरा तुटला तरी बाहेरून दिसत नाही, आणि पट्टा काही महिन्यांत त्याच जागी फाटतो. कडांचा पट्टा असेल तर प्रत्येक कड खाचेत बसली आहे का, हे बोट फिरवून पाहावे. एक कड काठाबाहेर राहिली तर पट्टा थोड्याच वेळात उभा चिरत जातो.

टेन्शनर असलेल्या गाडीत ताण आपोआप येतो. जुन्या रचनेत तो माणसाला द्यावा लागतो आणि तेथे हाताचे कसब लागते. लाकडी दांडा अल्टरनेटरच्या पुढील जाड, भक्कम भागाला लावून तो बाहेर ओढावा. मागच्या पातळ आवरणावर जोर देऊ नये. हवा तेवढा ताण आला की प्रथम वरचा बोल्ट आवळावा, मग खालचा. दोन कप्प्यांमधील सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने सुमारे १० किलोग्रॅमचा जोर दिला असता लहान गाड्यांत पट्टा साधारण ६ ते १० मिलिमीटर दबावा. नेमके माप गाडीच्या पुस्तिकेत असते आणि तेच प्रमाण मानावे.

ताण कमी झाला तर पट्टा ओरडतो, हे सर्वांना कळते. ताण अधिक झाला तर कोणीही ओरडत नाही, आणि म्हणूनच ती चूक अधिक महाग पडते. जादा ताण पट्टा निमूटपणे पाण्याच्या पंपाच्या व अल्टरनेटरच्या बेअरिंगवर लादतो. आवाज येऊ नये म्हणून तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणलेला पट्टा थोड्या खर्चाचे काम मोठ्या खर्चावर नेऊन ठेवतो.

यानंतर क्रँकशाफ्टच्या बोल्टाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन फेरे हाताने फिरवावे आणि पट्टा जागेवर आहे का ते पाहावे. एखादा पाना किंवा फडके आत राहिले नाही याची खात्री करावी. मग विजेरीची तार जोडून इंजिन सुरू करावे, दिवे व वातानुकूलन चालू करून कान द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन बंद करून ताण पुन्हा मोजावा. नवा पाचरी पट्टा खाचेत बसताना किंचित सैल होतो. काही शे किलोमीटर गाडी चालल्यावर आणखी एकदा तपासावे. ही शेवटची तपासणी टाळल्यामुळे कित्येक चांगले पट्टे अकाली वाया जातात.

आवाज दाबण्याचे उपाय

ओरडणाऱ्या पट्ट्यावर साबणाची वडी फिरवणे, पावडर टाकणे किंवा बाजारातील चिकट फवारा मारणे हे उपाय सर्वत्र प्रचलित आहेत. चरख्याच्या माळेला राळ किंवा मेण लावण्याच्या चालीशी त्यांचे नाते जोडता येईल. परंतु ती तुलना फसवी आहे. माळ हातांच्या जोरावर आणि स्वच्छ जागी फिरते. इंजिनातील पट्टा धुळीत, उष्णतेत आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या कप्प्यांवर फिरतो. चिकट थरावर धूळ बसते आणि त्या मिश्रणाने खाच झिजते. तेलकट फवाऱ्याने रबर फुगते व मऊ पडते. आवाज मात्र काही दिवस थांबतो, आणि हाच त्या उपायाचा खरा धोका आहे. जो इशारा ऐकून मालक सावध झाला असता, तोच बंद पडतो.

त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले तर पुढे काय घडते? पट्टा तुटताच विजेचा लाल दिवा लागतो आणि विजेरीत शिल्लक असेल तेवढीच वीज उरते. रात्रीची वेळ असेल तर दिवे हळूहळू मंदावतात. पट्ट्यावर चालणारा स्टिअरिंग पंप असेल तर चाक अचानक जड होते. घाटातील वळणावर हे जिवावर बेतू शकते. पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर असेल तर तापमानाचा काटा काही मिनिटांत लाल रेघेकडे जातो. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन ताबडतोब बंद केली पाहिजे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ या विचाराने सिलिंडरचे डोके वाकते, गॅस्केट जळते आणि एका पट्ट्याच्या मोबदल्यात सबंध इंजिन उतरवावे लागते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आतील दाबाखालचे पाणी उसळून चेहरा भाजू शकतो.

पट्ट्याचे भवितव्य

या पट्ट्याचे काम गेल्या काही दशकांत एकीकडे घटले, तर दुसरीकडे वाढले आहे. पुष्कळ गाड्यांत स्टिअरिंगला मदत करणारी मोटर आता विजेवर चालते. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियस गाडीत साहाय्यक पट्टा ठेवलेलाच नव्हता. पाण्याचा पंप आणि कॉम्प्रेसर दोन्ही विजेवर चालत. पूर्णपणे विजेवर धावणाऱ्या गाड्यांत तर इंजिनच नाही, तेव्हा त्याचा पट्टाही नाही. याउलट भारतात २०१५ साली मारुती सियाझमध्ये आलेल्या सौम्य संकरित रचनेत पट्ट्यावर फिरणारे यंत्र वीज निर्माण करते आणि थांबलेले इंजिन सुरूही करते. म्हणजे जो पट्टा आजवर केवळ इंजिनाकडून शक्ती नेत असे, तो तेथे इंजिनाला शक्ती परतही देतो. अशा गाडीत दोन्ही दिशांचा ताण सोसणारा, त्याच कामासाठी बनवलेला पट्टा वापरावा लागतो. दिसायला सारखा म्हणून दुसरा चालत नाही.

आपल्या रस्त्यांवरील कोट्यवधी पेट्रोल व डिझेल गाड्या अद्याप पुष्कळ वर्षे धावणार आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकींच्या तोंडाशी हा पट्टा फिरत राहणार आहे. तो स्वतः बदलावा की कारागिराकडून बदलून घ्यावा, हा सवडीचा व हाताच्या सवयीचा प्रश्न आहे. परंतु आवाज कोणत्या वेळी येतो, कोणत्या भाराने वाढतो, ओल्याने बदलतो की नाही, हे मालकाला सांगता आले पाहिजे. तेवढे सांगणाऱ्या ग्राहकासाठी चांगला कारागीर प्रथम कप्प्या फिरवून पाहतो आणि मगच नव्या पट्ट्याचे वेष्टन फोडतो.